एकाच कोडने सगळ्या युनिक्सवर हार्डवेअर कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी मध्ये लिहिलेला, फोटोंवर प्रक्रिया करणारा एक प्रोग्रॅम लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी आणि मॅकओएस अशा चारही ठिकाणी चालवायचा आहे. प्रोसेसर कोणता, कोअर किती, रॅम किती, एव्हीएक्स२ सारख्या (एका दमात अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या) सूचना उपलब्ध आहेत का, ग्राफिक्स कार्ड आहे का, हे प्रोग्रॅमने सुरू होतानाच शोधावं. पण प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळा कोड लिहावा लागू नये. पॉझिक्समध्ये, म्हणजे सगळ्या युनिक्सांच्या सामाईक मानकात, यासाठी काही सोय आहे का?

आधी सरळ उत्तर. पॉझिक्स हे मानक प्रोग्रॅम आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातल्या व्यवहारापुरतं आहे. सिस्टिमच्या खाली कोणतं यंत्र आहे याच्याशी त्याला जवळपास देणंघेणं नाही. सिस्टिमचं नाव आणि मशीनचा प्रकार सांगणारा 'युनेम', मेमरी पेजचा (मेमरी ज्या ठरावीक तुकड्यांत वाटली जाते त्याचा) आकार सांगणारा 'सिसकॉन्फ' आणि अशाच थोड्या गोष्टी सोडल्या तर हाती काही लागत नाही. चालू प्रोसेसर किती, हा इतका साधा प्रश्नसुद्धा मानकात आला तो २०२४ च्या आवृत्तीत. तोवर सगळे युनिक्स त्याचं उत्तर आपापल्या मर्जीने देत होते. तेव्हा 'वेगळा कोड नको' ही अट सोडून द्या. तो किती लागेल आणि कुठे राहील, एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते तुम्ही प्रश्न कसा विचारता यावर ठरतं. 'या मशीनमध्ये काय काय आहे?' असं विचारलंत तर प्रत्येक सिस्टिमसाठी पानंच्या पानं कोड होईल. 'मी किती थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) सुरू करू?' असं विचारलंत तर थोडक्यात भागतं, आणि उत्तरही जास्त खरं निघतं.

बहुतेक जण सुरुवात 'युनेम -एम' पासून करतात. तो सगळीकडे आहे, पण उत्तरांची भाषा एक नाही. त्याच ६४ बिटांच्या इंटेल प्रोसेसरला लिनक्स आणि मॅकओएस 'एक्स८६_६४' म्हणतात, फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी 'एएमडी६४' म्हणतात, तर सोलारिस 'आय८६पीसी' एवढंच सांगतो, कर्नल (सिस्टिमचा गाभा) ३२ बिटांचा असो की ६४. आर्मच्या ६४ बिटांना लिनक्सवर 'एआर्च६४' नाव आहे, मॅक आणि फ्रीबीएसडीवर 'आर्म६४'. शिवाय हे उत्तर कर्नलबद्दल असतं, तुमच्या प्रोग्रॅमबद्दल नसतं. रास्पबेरी पायवर ६४ बिटांचा कर्नल आणि ३२ बिटांच्या लायब्रऱ्या अशी जोडी सर्रास दिसते. तिथे 'युनेम' ६४ सांगेल आणि तुम्ही आणलेली ६४ बिटांची बायनरी चालणार नाही. अशा वेळी 'गेटकॉन्फ लाँग_बिट' विचारावं. मॅकवर उलटी गंमत आहे: ॲपल सिलिकॉनवर रोझेटामधून (इंटेलसाठीचे प्रोग्रॅम भाषांतर करून चालवणाऱ्या सोयीतून) चालणाऱ्या प्रोग्रॅमला 'युनेम' बिनदिक्कत 'एक्स८६_६४' सांगतो. खरं काय ते 'सिसकंट्रोल' (कर्नलच्या नोंदी वाचायची सोय) मधली 'प्रॉक_ट्रान्सलेटेड' ही नोंद सांगते. १ आलं तर भाषांतर चालू आहे. ती नोंदच सापडली नाही, तर सिस्टिम जुनी आहे आणि प्रोग्रॅम थेट चालतो आहे असं धरायचं.

खरं तर चालू असलेल्या प्रोग्रॅमला स्वतःचं आर्किटेक्चर विचारायची गरजच क्वचित पडते. तो ज्यासाठी कंपाइल झाला ते कंपायलरच्या मॅक्रोमधून आधीच माहीत असतं. 'युनेम' लागतो तो इन्स्टॉलरला आणि बिल्डच्या स्क्रिप्टला. तिथे स्वतः नावांची यादी जमवत बसू नका. जीएनयूची 'कॉन्फिग.गेस' ही शेल स्क्रिप्ट १९९२ पासून हेच काम करते आहे आणि आज तुम्ही नावही ऐकलं नसेल अशा युनिक्सांची उत्तरं तिच्यात आहेत. दिसायला कुरूप आहे, पण उपयोगाची आहे.

आता कोअर. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. प्रश्नात ज्या चार सिस्टिम आहेत त्या चारही ठिकाणी 'सिसकॉन्फ' ला चालू प्रोसेसरांची संख्या विचारता येते (स्थिरांकाच्या नावाच्या शेवटी 'ओएनएलएन' असतं). सोलारिस आणि एआयएक्सवरही तो आहे. म्हणजे एका ओळीत काम झालं? आकडा मिळाला, अर्थ मिळाला नाही. लिनक्सवर जीलिबसी ही नेहमीची सी लायब्ररी हा आकडा साधारणपणे सिसएफएसमधून (कर्नल मशीनची माहिती देतो त्या फाईलींमधून), म्हणजे अख्ख्या मशीनचा घेते. अल्पाइन लिनक्समधली मसल लायब्ररी मात्र तुमच्या प्रोसेसला ज्या कोअरवर चालायची मुभा आहे तेवढेच मोजते. म्हणजे तोच कोड, तेच मशीन, 'टास्कसेट' ने प्रोसेसला दोन कोअरवर बांधलं, तर डेबियनवर ६४ आणि अल्पाइनवर २ असं उत्तर येऊ शकतं. माझ्या मते इथे मसल शहाणी आहे, पण मत काहीही असलं तरी फरक आहे तो आहे.

ओपनबीएसडीचं वेगळंच. २०१८ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरांमधल्या सुरक्षेच्या त्रुटी एकामागून एक बाहेर आल्या, तेव्हा त्यांनी हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन भासवणं) मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे तिथे 'एनसीपीयू' हा एकूण आकडा आणि 'एनसीपीयूऑनलाइन' हा चालू आकडा यांत सरळ दुपटीचा फरक पडू शकतो. जुन्या बीएसडी कोडमध्ये 'एनसीपीयू' वाचलेला असतो. तो ओपनबीएसडीवर तसाच नेला तर झोपलेल्या कोअरसाठीही थ्रेड तयार होतात.

आणि कंटेनर, म्हणजे मशीनचा ठरावीक वाटा देऊन वेगळा ठेवलेला प्रोग्रॅम. सर्व्हरवर कोअर ६४, कंटेनरला मर्यादा दोन कोअरची. ही मर्यादा ठरावीक कोअरवर बांधून घातलेली नसते, ती वेळेच्या कोट्याने घातलेली असते. म्हणून 'सिसकॉन्फ' आणि अ‍ॅफिनिटी (प्रोसेसला मुभा असलेल्या कोअरची यादी) दोन्ही ६४ च सांगतात. प्रोग्रॅम ६४ थ्रेड उघडतो, प्रत्येक १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत सगळे मिळून कोटा पहिल्या काही मिलिसेकंदांतच संपवतात आणि उरलेला वेळ सगळे गोठून बसतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं सर्व्हर हळू आहे. सीग्रुप ही लिनक्सची, प्रोसेसच्या गटांवर मर्यादा घालायची सोय. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत हा कोटा 'सीपीयू.मॅक्स' या फाईलमध्ये दोन आकड्यांत लिहिलेला असतो: पहिला कोटा, दुसरा कालावधी, दोन्ही मायक्रोसेकंदांत. '२००००० १०००००' म्हणजे दोन कोअर. पहिल्या आकड्याच्या जागी 'मॅक्स' असेल तर मर्यादा नाही. एक खाच आहे: मर्यादा तुमच्याच सीग्रुपवर असेल असं नाही, वरच्या कुठल्याही पूर्वजावर असू शकते. म्हणून 'प्रॉक' (कर्नल प्रोसेसची माहिती देतो ती डिरेक्टरी) मधल्या 'सेल्फ' खालची 'सीग्रुप' फाईल वाचून आपली जागा शोधायची आणि तिथून मुळापर्यंत चढत प्रत्येक पायरीचा आकडा पाहून लहानातला लहान घ्यायचा.

मोठमोठ्या भाषांनाही हे उशिराच कळलं. जावाने कंटेनरची दखल दहाव्या आवृत्तीपासून घेतली आणि मग ती आठव्या आवृत्तीच्या एका अपडेटमध्ये मागे नेली. गो भाषेत तर ती १.२५ मध्ये, म्हणजे २०२५ साली आली. पायथनमध्ये 'सीपीयू_काउंट' मशीनचा आकडा देतं आणि ३.१३ पासून 'प्रोसेस_सीपीयू_काउंट' प्रोसेसला मुभा असलेल्या कोअरचा देतं. सी++ मधला 'हार्डवेअर_कन्करन्सी' तर शून्यही परत देऊ शकतो, मानकातच तशी परवानगी आहे. शून्याने भागणारा कोड मी इतरांच्या प्रोजेक्टमध्ये पाहिलेला आहे.

तेव्हा थ्रेडची संख्या काढताना क्रम असा: वापरकर्त्याने स्वतः आकडा दिला असेल तर तोच. नाहीतर अ‍ॅफिनिटी, चालू कोअर आणि सीग्रुपचा कोटा यांतला सगळ्यात लहान. काहीच कळलं नाही तर १. अ‍ॅफिनिटी विचारताना लिनक्सवर एक लक्षात ठेवा: त्यासाठीच्या ठरावीक आकाराच्या रचनेत १०२४ कोअरच मावतात. त्याहून मोठ्या मशीनवर कॉल 'इनव्हॅलिड' म्हणून परत येतो. डेस्कटॉपवर हे कधी दिसणार नाही, महासंगणकावर नक्की दिसेल.

रॅमचं तुलनेने सोपं. लिनक्स, फ्रीबीएसडी आणि सोलारिसवर 'सिसकॉन्फ' मधून भौतिक पेजेस गुणिले पेजचा आकार. मॅकवर 'सिसकंट्रोल' मधून 'मेमसाइझ' घ्या, 'फिजमेम' नको. ती जुनी नोंद केवळ जुन्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेली आहे आणि ३२ बिटांत उत्तर देते. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडीवरही सी मधून ६४ बिटांची वेगळी नोंद आहे, तीच वापरा. पेजचा आकार ४०९६ धरून कधी चालू नका. ॲपल सिलिकॉनवर तो १६३८४ आहे, रास्पबेरी पाय ५ च्या मूळ कर्नलमध्येही १६३८४, आणि आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवरच्या बऱ्याच लिनक्सांवर ६५५३६. मेमरी ॲलोकेटर आणि 'एममॅप' करणारे (फाईल थेट मेमरीत जोडणारे) प्रोग्रॅम याच गृहीतकावर आपटतात. कंटेनरमध्ये 'मेमरी.मॅक्स' ही सीग्रुपची मेमरीच्या मर्यादेची फाईल पाहायला विसरू नका. कोअरचा अंदाज चुकला तर प्रोग्रॅम हळू होतो, रॅमचा चुकला तर कर्नल त्याला मारून टाकतो.

प्रोसेसरच्या सूचनांबद्दल विचारताना 'प्रॉक' मधल्या 'सीपीयूइन्फो' फाईलकडे वळण्याचा मोह होतो. तो आवरा. पहिलं म्हणजे ती फाईल लिनक्सचीच. मॅकवर 'प्रॉक' नाही, ओपनबीएसडीने तो ५.७ आवृत्तीत काढूनच टाकला, फ्रीबीएसडीवर तो आपोआप माउंट होत नाही. दुसरं म्हणजे लिनक्सवरही तिचा साचा प्रत्येक आर्किटेक्चरला निराळा: इंटेलवर 'फ्लॅग्ज', आर्मवर 'फीचर्स', रिस्क-व्हीवर 'आयएसए'. 'मॉडेल नेम' ही ओळ तर ६४ बिटांच्या आर्मवर बहुधा नसतेच. ती फाईल माणसाने डोळ्यांनी वाचावी, प्रोग्रॅमने नाही.

इंटेल-एएमडीवर खरा पोर्टेबल मार्ग ऑपरेटिंग सिस्टिमला वळसा घालून जातो. 'सीपीयूआयडी' ही सूचना साध्या प्रोग्रॅमलाही वापरता येते आणि चारही सिस्टिमवर तीच असते. पण प्रोसेसरला एव्हीएक्स येतं एवढं पुरत नाही. थ्रेड बदलताना कर्नलने ते मोठे रजिस्टर जपून ठेवले पाहिजेत. म्हणून आधी 'ओएसएक्ससेव्ह' हा बिट आणि मग 'एक्सगेटबीव्ही' ने कर्नलची संमती, अशी दुहेरी तपासणी लागते. यातही मॅक वेगळा: इंटेल मॅकवर एव्हीएक्स-५१२ ची जागा कर्नल पहिल्या वापराच्या वेळीच देतो, आधी विचारलं तर 'नाही' दिसतं, म्हणून तिथे 'सिसकंट्रोल' ला विचारावं लागतं. हे सगळं स्वतः लिहायची हौस नसेल तर जीसीसी आणि क्लँगमधलं 'बिल्टइन_सीपीयू_सपोर्ट्स' वापरा. माझा सल्ला तोच आहे.

आर्मवर असा वळसा नाही. तिथले ओळख सांगणारे रजिस्टर साध्या प्रोग्रॅमला मुळात बंद असतात, म्हणजे कर्नललाच विचारायला हवं. लिनक्सवर 'गेटऑक्सव्हॅल' (जीलिबसीत २०१२ पासून), फ्रीबीएसडीवर १२.० पासून 'एल्फ_ऑक्स_इन्फो', ओपनबीएसडीनेही २०२४ मध्ये तेच फंक्शन घेतलं, आणि मॅकवर 'सिसकंट्रोल' मधल्या 'ऑप्शनल.आर्म' खालच्या नोंदी. रिस्क-व्हीवर लिनक्स ६.४ पासून 'हार्डवेअर प्रोब' नावाचा स्वतंत्र सिस्टिम कॉलच आहे. जुन्या क्रिप्टो लायब्रऱ्यांमध्ये आणखी एक युक्ती दिसते: सूचना चालवून पाहायची, प्रोसेसरने 'अवैध सूचना' असा सिग्नल दिला तर तो पकडायचा आणि 'नाही' समजायचं. पोर्टेबल आहे खरी, पण सिग्नल हँडलर अख्ख्या प्रोसेसचा असतो. तुमची लायब्ररी दुसऱ्याच्या बहुथ्रेडी प्रोग्रॅममध्ये लोड होत असेल तर हा उद्योग करू नका.

इथे आणखी एक गृहीतक लपलेलं असतं: मशीनमधले सगळे कोअर सारखे. फोनमध्ये ते केव्हाच मोडलं. सॅमसंगच्या एक्सिनॉस ८८९० मध्ये मोठ्या कोअरची कॅश लाइन (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीचा एक तुकडा) १२८ बाइटची होती आणि छोट्या कोअरची ६४ ची. २०१६ मध्ये मोनो (डॉटनेटची मुक्त आवृत्ती) प्रोजेक्टच्या लोकांना या चिपवर अधूनमधून अवैध सूचनेने प्रोग्रॅम पडताना दिसले. कारण असं निघालं की कॅश साफ करणारा कोड लाइनचा आकार एकदाच विचारून लक्षात ठेवत होता. मोठ्या कोअरवर विचारलं, १२८ मिळालं, मग थ्रेड छोट्या कोअरवर गेला आणि दर दुसरी लाइन साफ व्हायची राहिली. ज्या कोअरवर विचारलं त्याच कोअरवर पुढची ओळ चालेल याची कसलीही हमी नाही. इंटेलनेही २०२१ च्या अल्डर लेकपासून दोन जातींचे कोअर डेस्कटॉपवर आणले. मॅकवर 'पर्फलेव्हल' च्या नोंदींमधून प्रत्येक जातीचे किती कोअर ते कळतं. तुमच्या फोटोंच्या कामाचे सारखे तुकडे करून सगळ्या कोअरना वाटू नका. एकच रांग ठेवा, ज्याचं काम झालं तो पुढचा तुकडा उचलेल. मग कोअरची जात ओळखायचा प्रश्नच उरत नाही.

बिल्ड करताना 'मार्च=नेटिव्ह' (बिल्डच्याच मशीनच्या प्रोसेसरसाठी कोड बनव) हा कंपायलरचा पर्याय दिसला तर काढून टाका. तोही हार्डवेअर ओळखणंच आहे, फक्त चुकीच्या मशीनवर केलेलं. बिल्ड सर्व्हर नवा, चालवायचं मशीन जुनं, आणि ग्राहकाकडे प्रोग्रॅम उघडताक्षणी बंद. लिनक्स वितरणांनी यासाठी एक्स८६-६४ च्या पायऱ्या ठरवल्या आहेत: रेड हॅटच्या आरएचईएल ९ ला दुसरी पायरी लागते, आरएचईएल १० ला तिसरी. अनेक शाळा-कचेऱ्यांमध्ये अजून कोअर २ ड्युओ चालू आहेत. ते दुसऱ्या पायरीवरही बसत नाहीत.

ग्राफिक्स कार्ड आणि बाकीच्या उपकरणांबद्दल थोडक्यात. पीसीआयची (मदरबोर्डला जोडलेल्या कार्डांची) यादी वाचून 'एनव्हिडियाचं कार्ड आहे' असं ठरवू नका. कार्ड असतं आणि ड्रायव्हर नसतो. थेट व्हल्कन किंवा ओपनसीएल या ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेणाऱ्या इंटरफेसना उपकरणं मोजायला सांगा. ते जे देतील तेच वापरण्याजोगं. यूएसबीसाठी लिबयूएसबी चारही सिस्टिमवर चालते. पीसीआयची यादी माहितीपुरती दाखवायचीच असेल तर 'एलएसपीसीआय' मागची लायब्ररी बहुतेक सगळीकडे चालते, पण तिचा परवाना जीपीएल आहे. तो अडचणीचा असेल तर एक्स.ऑर्गची लिबपीसीआयअ‍ॅक्सेस पाहा. 'डीएमआयडिकोड' (मदरबोर्डमध्ये भरलेली माहिती छापणारी कमांड) चं आउटपुट कापून वाचणं टाळा. त्याला रूट लागतं, आणि मदरबोर्डवाल्याने काय भरलं आहे यावर सगळं अवलंबून. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेल्या पीसीत मॉडेलच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओईएम' असं छापील वाक्य अनेकदा मिळतं. त्यावर लायसन्स बांधणाऱ्यांची फजिती ठरलेली. मशीनचा क्रमांक सांगणारा 'गेटहोस्टआयडी' त्याहून वाईट: पॉझिक्समध्ये आहे, म्हणून लोक विश्वास ठेवतात, पण लिनक्सवर वेगळी नोंद नसेल तर तो होस्टनेमच्या आयपी पत्त्यावरून आकडा बनवतो. डेबियनमध्ये तो पत्ता बहुधा १२७.०.१.१ असतो, त्यामुळे ढीगभर मशीनांचा 'अद्वितीय' क्रमांक एकच निघतो.

कोडची मांडणी. आपलं एक छोटं हेडर: किती थ्रेड, किती मेमरी, कोणती गणिताची आवृत्ती, एवढीच फंक्शन्स. मागे प्रत्येक सिस्टिमची एक फाईल, आणि बाकीच्या प्रोग्रॅममध्ये सिस्टिमचं नाव असलेला एकही 'इफडेफ' नाही. त्या फाईलच्या आतसुद्धा शक्य तिथे सिस्टिमचं नाव न विचारता सोय आहे का ते विचारा: 'सिसकॉन्फ' चा स्थिरांक उपलब्ध असेल तर वापर, नसेल तर पुढे. 'बीएसडी आहे म्हणजे सिसकंट्रोल सारखाच' हेही खरं नाही. नावाने विचारायचं 'सिसकंट्रोलबायनेम' फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि मॅकवर आहे, ओपनबीएसडीवर नाही, तिथे आकड्यांनीच विचारावं लागतं. लिनक्सने तर तो सिस्टिम कॉलच ५.५ मध्ये काढून टाकला.

कोअर, कॅश, नूमा नोड (कोणती मेमरी कोणत्या कोअरजवळ आहे त्याचे गट) यांचा पूर्ण नकाशा हवा असेल, म्हणजे वैज्ञानिक गणनेसारखं काम असेल, तर हे स्वतः लिहू नका. फ्रान्सच्या इनरिया संस्थेत घडलेली आणि ओपन एमपीआय प्रकल्पाचा भाग असलेली एचडब्ल्यूलॉक ही लायब्ररी लिनक्स, बीएसडी, सोलारिस, एआयएक्स, मॅक सगळ्यांवर हा नकाशा एकाच रूपात देते. परवाना बीएसडी. या क्षेत्रात अशी गरज का पडते ते पुण्याच्या सी-डॅककडे पाहिलं की कळतं: त्यांचा परम १०००० हा महासंगणक सन मायक्रोसिस्टिम्सच्या अल्ट्रास्पार्कवर होता, पुढचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ वर, आणि नंतरचे इंटेलवर लिनक्स चालवणारे. शास्त्रज्ञाचा प्रोग्रॅम तोच राहतो, खालचं यंत्र पिढीगणिक बदलतं. फोटोंच्या प्रोग्रॅमला मात्र एचडब्ल्यूलॉक जड होईल. तिथे वरची तीन फंक्शन्स पुरेत.

तपासणीसाठी चार मशीन विकत घ्यायला नकोत. क्यूईएमयू या नकली मशीन तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोअरची संख्या आणि प्रोसेसरचं मॉडेल दोन्ही ठरवता येतात, त्यामुळे एव्हीएक्स नसलेला जुना प्रोसेसर देऊन पाहा. लिनक्सवर 'टास्कसेट' ने कोअर कमी करा, 'लिनक्स३२' खाली चालवून 'युनेम' कसं उत्तर बदलतं ते पाहा, आणि डॉकरच्या कंटेनरला दीड सीपीयू द्या. दीडचं काय करायचं ते तुम्हालाच ठरवावं लागेल. जावा वरच्या पूर्णांकात नेते, आणि फोटोंच्या कामाला मीही दोनच थ्रेड देईन. सुरू होताना एक ओळ लॉगमध्ये लिहा: थ्रेड २, कारण सीग्रुपचा कोटा, गणित एव्हीएक्स२, कारण सीपीयूआयडी. आकड्याशेजारी तो कुठून आला हे लिहिलेलं असलं की तक्रार आल्यावर ग्राहकाकडून मशीनची माहिती मागवत बसावं लागत नाही.